भिंतीजवळचं पाणी

नॉर्वेला निघाले त्या सकाळी फाट्यावर एसटी येऊन उभी राहिली तरी बा आला नव्हता. मायने बॅगेत लाखोळीची डाळ आणि वाळवलेले झिंगे असे ठासून भरले होते की चेन लागत नव्हती. काकू चेनीशी झटापट करत होती, कंडक्टर घाई करत होता, आणि मी तलावाकडून येणाऱ्या वाटेकडे बघत मनातल्या मनात आकडे मोजत होते. त्या दिवशी पहाटेच तलावाचं पाणी सोडायचा तुडुम तुंबला होता आणि बा पाण्यात उतरला होता. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होते, पण विमानाचा विचारसुद्धा डोक्यात नव्हता. बा वर आला असेल का, एवढंच.

तो आला. लुंगी गुडघ्यावर बांधलेली, केसांतून पाणी गळतंय, पायाला गाळ. त्याने माझ्या गालाला ओला हात लावला आणि म्हणाला, पोचली का फोन कर. एसटी सुटली. गोंदियापर्यंत माझा गाल गार होता आणि मी खूश होते, कारण आजचा दिवस तरी निभावला होता. उद्या तो उतरेल तेव्हा पाळीवर बसून आकडे कोण मोजेल, हा विचार मला रेल्वेत सुचला, आणि तिथून जी भीती बसली ती आठ वर्षं झाली तरी उठलेली नाही.

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. गावात जे राहिलेत त्यांना हे ठाऊक आहे. माझ्यासारखे जे पुण्याला, हैदराबादला, आणखी कुठे कुठे गेले, त्यांना वाटतं की एकटी परदेशात गेली म्हणजे पोरगी धीट असणार. धीटबीट काही नाही. आम्ही ढिवर, मासे धरणारे. आमच्या घरात पाण्याशिवाय दुसरा विषय नाही आणि मला पाण्याची भीती वाटते. लहानपणी बा बुडी मारायचा तेव्हा मी पाळीवर बसून मोजायचे. तीसपर्यंत ठीक असायचे, चाळीसला उठून उभी राहायचे. एकदा साठ झाले होते. बा वर आला तेव्हा मी रडत होते आणि तो हसत होता, कारण त्याच्या हातात एक वाडीस मासा होता.

ज्यांना आमच्याकडचे तलाव माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. नवेगाव बांधचा तलाव मोठा, त्याला पर्यटक येतात. आमचा गावचा तलाव लहान, त्याला फक्त धान येतो. मातीची लांब पाळ, आमच्या बोलीत पार, आणि त्या पाळीच्या पोटातून शेतात पाणी सोडायचं दगडी तोंड, त्याला तुडुम म्हणतात. तुडुमाच्या पायऱ्या पाण्यात उतरत जातात, पायऱ्यांच्या भिंतीत भोकं असतात, भोकांना लाकडी बुचं. दसऱ्याच्या आसपास पाऊस गेलेला असतो, धान निसवत असतो, आणि नेमकं तेव्हाच बांध्यांना, म्हणजे धानाच्या वाफ्यांना, शेवटचं पाणी लागतं. बूच काढायचं, आणि भोकात बेशरमाची झुडपं, गाळ, जाळ्यांचे तुकडे अडकले असतील तर ते काढायचे. हे काम बुडी मारणाऱ्याचं. आमच्या घराकडे ते कधीपासून आहे, कोणाला आठवत नाही.

त्या कामाचे नियम होते. कमरेला दोर, दोराचं टोक घरच्याच माणसाच्या हातात. भिंतीपासून बांबूभर लांब राहायचं आणि आकडी लावलेल्या बांबूने कचरा ओढायचा. भोकाच्या आसपास भिंतीला तळहात लावायचा नाही. का, म्हणून विचारलं तर म्हातारे सांगायचे की तुडुमात बाई बसते आणि ती हात मागते. उतरण्याआधी तिच्या नावाने मूठभर तांदूळ पाण्यात टाकायचे. या बाईने माझं सगळं बालपण खाल्लं. स्वप्नात ती मला दिसायची नाही, फक्त बाचा हात दिसायचा.

मी वाहणाऱ्या पाण्याचा अभ्यास करायला लागले त्याचं खरं कारण हे आहे. मुलाखतींमध्ये मी दुसरं सांगते. मला वाटलं होतं, एकदा पाणी कळलं की भीती जाईल. नागपूरला शिकले, मग चेन्नईला, मग इथे ट्रॉन्डहाइमला. इथे लॅबमध्ये काचेच्या भिंतींचा एक लांब चॅनल आहे, त्यात पंपाने पाणी सोडतो, पाण्यात बारीक कण टाकतो आणि त्यावर लेझरचा हिरवा पडदा पाडून फोटो काढतो. माझा विषय त्यातल्या अगदी थोड्या जागेचा, पाणी जिथे भिंतीला टेकतं तिथला. नखाच्या जाडीपेक्षा कमी. आठ वर्षं मी नखाएवढ्या पाण्याकडे बघते आहे, हे मायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली की एवढं तर रांजणाच्या बुडाशीही उरते.

आता माझ्या चुकीकडे येते. त्यासाठीच लिहायला बसले आहे.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत घरी आले होते. नहरेला, म्हणजे कालव्याला, उन्हाळी धानासाठी पाणी सोडलेलं होतं. बाने विचारलं, तू तिकडे करून काय रायली, एकदा दाखव तं खरं. मी त्याला नहरेच्या सिमेंटच्या कडेला घेऊन गेले, राईस मिलमधून आणलेला कोंडा पाटीभर घेतला आणि एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत एका रेषेत टाकला. मधला कोंडा धावत निघाला, कडेचा मागे रेंगाळला, आणि अगदी भिंतीला लागलेला जवळजवळ जागेवरच राहिला. सरळ रेषेचा वाकलेला विळा झाला. मी शिकवायच्या सुरात सांगितलं की पाणी भिंतीला चिकटतं, भिंतीला लागलेला थर हलतच नाही, जितकं भिंतीजवळ जाल तितका ओढा कमी.

बा बराच वेळ त्या कोंड्याकडे बघत होता. मग त्याने विचारलं, "म्हंजे तुडुमात भिंत धरून उतरलं तं पानी ओढत नाई?"

मी म्हणाले, "हो."

एवढंच. वर हेही म्हणाले की बाईबिई काही नसतं, ते सगळं घाबरवण्यासाठी आहे. बा खुदकन हसला. त्या बाईवर त्याचाही विश्वास नव्हता, पण आजवर कोणी तिला पुराव्यानिशी हुसकावलं नव्हतं आणि ते त्याच्या मुलीने केलं होतं. मला फार बरं वाटलं. भिंतीजवळ ओढा कमी, हे पुस्तकात पहिल्या पानावर आहे. तुडुमाच्या भिंतीला भोक असतं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मी ज्या तुडुमाला घाबरत वाढले त्याबद्दल बोलत होते आणि डोळ्यांसमोर मात्र चॅनलची गुळगुळीत काच होती.

पाणी भिंतीजवळ सरासरीने संथ असतं, हे खरं आहे. पण त्या संथ थरात लांब लांब पट्टे पडतात, नांगराच्या तासांसारखे. मधूनच एखादा पट्टा उचलला जातो, वळवळतो आणि फुटतो, आणि त्याच्या जागी वरचं वेगाचं पाणी भिंतीवर झडप घालतं. कधी, कुठे, हे आधी कोणी सांगू शकत नाही. सगळी खळबळ जिथे जन्मते ती जागा हीच, भिंतीलगतची. माझा पगार याच वाक्यावर चालतो. तरी बापाला सांगताना मी सरासरी सांगितली. माणूस सरासरीत उतरत नाही, तो त्या दिवशीच्या पाण्यात उतरतो.

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये माझी सुपरवायझर इंग्रिड हिने चॅनलच्या भिंतीत एक फट पाडून घेतली. फटीतून थोडं पाणी बाहेर ओढायचं आणि भिंतीजवळच्या थराचं काय होतं ते बघायचं. सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील. मी सुईने लाल रंग सोडत होते. फट बंद असताना रंगाचे पट्टे भिंतीशी आळसावून पडले होते. इंग्रिडने झडप उघडली आणि ते पट्टे फटीत गेले, एकदम, सगळे. संथ थर भिंतीने गिळून टाकला आणि वरचं धावतं पाणी खाली येऊन भिंतीला खरवडत निघालं. इंग्रिड खूश झाली, तिला हेच हवं होतं. मला मात्र माझा "हो" ऐकू आला.

भोक असलेल्या भिंतीजवळ ओढा कमी नसतो. तिथेच सगळ्यात जास्त असतो. माझ्या हातातून सिरिंज पडली. मी ओल्या हातांनी फोन घेऊन बाहेर धावले. ऑक्टोबर होता, धान निसवलेला असणार.

फोन मायने उचलला. बा पारीवर गेला हाये म्हणाली, तुडुमात बेशरम अडकला. मी ओरडले की त्याला सांग, दोर बांध, भिंतीपासून लांब राहा. माय गोंधळली. "दोर तं कोनी दोन वर्सांपासून बांधत नाई," ती म्हणाली. "तूच तं सांगतलं होतं ना व, भिंतीले धरून उतराले."

दोर बेशरमात अडकायचा, त्याचा बाला नेहमीच कंटाळा. भिंत धरून गेलं की ओढा नाही, म्हणजे दोर कशाला. माझं बोलणं त्याने धरलं होतं आणि स्वतःपुरतं ठेवलंही नव्हतं. मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत सांगितलं होतं, शेजारच्या दोन गावांच्या ढिवरांना सांगितलं होतं, आमच्या शालूने शोधून काढलं म्हणून. तांदूळ टाकणंही बंद झालं होतं.

माय फोन घेऊन पाळीकडे निघाली. तिच्या गुडघ्यांचं दुखणं जुनं आहे आणि वाटेत रेंज जाते. फोन कटला. मी लॅबच्या मागच्या पायऱ्यांवर बसले. पुन्हा लावला, लागला नाही. मग मी काय करावं? मोजायला लागले. साठ झाले, शंभर झाले, तीनशे झाले. सात हजार किलोमीटरवर बसून मोजण्याला काही अर्थ नव्हता हे मलाही कळत होतं, पण थांबले तर काहीतरी होईल असं वाटत होतं. माझ्या समोरून लोक कॉफीचे कप घेऊन जात होते. बापाला मी मारलं, हे वाक्य माझ्या डोक्यात पूर्णपणे तयार झालं होतं, क्रियापदासकट.

अर्ध्या तासाने व्हिडिओ कॉल आला. स्क्रीनवर बा होता, पाळीवर उभा, कोरडा. मला रडू फुटलं. तो म्हणाला, रडून काऊन रायली, मी तं उतरलोच नाई, दुधराम उतरला होता, आला वर. दुधराम म्हणजे माझा चुलतभाऊ, दोन लेकरांचा बाप. तो मागे अंग पुसताना दिसला. मग मी विचारलं की तू का नाही उतरलास, हे काम तर तू कोणाला देत नाहीस. माझ्या तेव्हा लक्षात आलं की कित्येक महिन्यांत मी फोन पाहिला तो फक्त त्याच्या डाव्याच हातात. मी म्हणाले, उजवा हात दाखव.

तो दाखवेना. मायने त्याच्या हातातून फोन घेतला आणि दाखवला. मनगट वाकडं जुळलेलं, बोटं अर्धी मिटलेली, उघडत नव्हती. आधीच्या वर्षी भिंत धरून उतरताना पाण्याने हात भोकात ओढून नेला होता, कोपरापर्यंत. दोर नव्हता. वर दुधरामला शंका आली म्हणून त्याने उडी मारली आणि पायाला धरून ओढून काढलं. मला तेव्हा सांगण्यात आलं होतं की सायकलवरून पडलो, थोडं लागलं. मीही विश्वास ठेवला, आणि पुढच्या वेळी सावकाश चालव असं वर ज्ञान दिलं.

मी विचारलं, मग तुला कळलं ना की मी सांगितलं ते चूक होतं? तरी दुधरामला तसंच कसं उतरू दिलंस?

बा म्हणाला, "तुयी चूक नाई. माहाच हात चुकला असन."

तो खरोखर तसं समजत होता की मला पाठीशी घालत होता, हे मला आजही ठाऊक नाही. दोन्हींची भीती सारखीच वाटते. स्वतःचा हात गेला तरी मुलीचं वाक्य चुकलं असेल असं त्याने गावात कोणाला बोलू दिलं नव्हतं. मी म्हणाले, आत्ता सगळ्यांना सांग की शालू चुकली. तो नाही म्हणाला. गावात तुयं नाव हाये, म्हणाला. मी रडून सांगितलं, रागावून सांगितलं, तो ऐकेना. शेवटी मायलाच सांगितलं की स्पीकर चालू कर आणि फोन मधे धर.

पाळीवर आठ-दहा जण असावेत. मी इथल्या पायऱ्यांवरून, बोटं गारठलेली, मोठ्याने बोलले. "मी चुकली. भिंतीजवळ पानी सगळ्यात जास्त ओढते, भोक असलं का. दोर बांधल्याशिवाय कोनी उतरू नका. बांबूभर लांब राहा. आजूबाजूच्या गावाईले बी सांगा."

मग दुधरामचा आवाज आला, "मंग तवा काऊन सांगतलं, बाई?"

काय सांगणार? मी म्हणाले की मले मोठेपणा आला होता. कोणी हसलं नाही, कोणी रागावलंही नाही. बा माझ्याशी पुढे तीन आठवडे नीट बोलला नाही. माझ्या चुकीचा त्याला राग नव्हता, मी ती पाळीवर बोलून दाखवली याचा होता. हाताबद्दल त्या दिवसानंतर तो एक शब्द बोललेला नाही. त्या हाताने आता त्याला जाळं फेकता येत नाही.

बाईबद्दल मी चूक नव्हते, अजूनही म्हणते की तिथे कोणी बसलेलं नाही. पण बाई आणि बांबूभर अंतर एकाच गाठोड्यात होतं आणि मी गाठोडंच फेकून दिलं.

इथे मी एक वाक्य लिहिलं तर तीन जण ते तपासतात. इंग्रिड लाल पेनाने खुणा करते, परीक्षक पुरावा मागतात, एका आकड्यासाठी मी सहा महिने घालवले आहेत. तरी चूक झालीच तर काय होतं? एक पेपर परत येतो. घरी माझं वाक्य कोणी तपासत नाही. माझ्या तोंडातून निघालं की माणूस कपडे उतरवून पाण्यात शिरतो. घराची आठवण येते का, असं इथे सगळे विचारतात. मी हो म्हणते. घराची भीती वाटते, हे कसं सांगणार?

या वर्षी दसरा झाल्यावर सकाळी फोन आला. आता ते उतरण्याआधी फोन करतात, मी काही म्हटलेलं नाही, त्यांनीच पद्धत पाडली. बा बोलत होता. तुडुमाचा एक दगड सरकलाय, भोक आधीच्यापेक्षा मोठं झाल्यासारखं वाटतंय, पाणी भोकाच्या चार पायऱ्या वर आहे, दोर बांधलाय, दुधराम तयार आहे. शेवटच्या बांध्या सुकायला लागल्यात, लोक पाळीवर येऊन बसलेत. उतरू दे का?

माझ्यासमोर संगणक होता, त्यावर नखाएवढ्या पाण्याची हजारो चित्रं होती. सरकलेला दगड त्यात कुठेच नव्हता. भोक किती मोठं, आत काय अडकलंय, वरचं पाणी झडप कधी घालणार, यातलं काही मला सांगता येत नव्हतं. दोर बांधलाय, मग हरकत नाही, असं म्हणायला जीभ वळत होती. पाळीवरचे सगळे ऐकत होते.

मी म्हणाले, "बा, मले माईत नाई."

मग बाने दुधरामला कमरेचा दोर सोडायला सांगितलं, ते ऐकू आलं. कोणीतरी कुरकुरलं, कोणीतरी माझ्या शिक्षणाबद्दल काहीतरी बोललं. शेवटच्या सात-आठ बांध्यांना या वर्षी पाणी पोचलं नाही. त्यातली एक दुधरामचीच होती. उतरला असता तर कदाचित सुखरूप वर आलाही असता, आणि हे कदाचित मला आता कायम सोबत राहणार.

फोन ठेवण्याआधी बा म्हणाला, "एवढंच सांगाचं होतं तं नहरेवर काऊन नाई सांगतलं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होता. त्याने थोडा वेळ वाट बघितली, मग जेवली का म्हणून विचारलं.